आरोग्यावरील रुपया : खर्च, परिणाम आणि वाटप

बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर तालुक्यात हिवरा आश्रम हे गाव आहे. शुकदास महाराजांनी उभारलेल्या विवेकानंद आश्रमामुळे या गावाचे नाव विदर्भ-मराठवाड्यात सर्वतोमुखी झाले. स्वामी विवेकानंदांच्या जयंतीच्या उत्सवात येथे महाप्रसादाची जी पंगत बसते ती पाहण्यासारखी असते. मोकळ्या शेतात लाखाहून अधिक माणसे शिस्तीने रांगा धरून बसतात आणि ट्रॅक्टरांमधून पुरी-भाजी आणून स्वयंसेवक ती वाढीत जातात. एवढ्या मोठ्या पंगतीचा हिशेब मांडणाऱ्यांना एक गोष्ट सांगावी लागत नाही. गव्हाची किती पोती दळली, तेलाचे किती डबे रिते झाले, यावर पंगत पार पडली की नाही हे ठरत नसते. शेवटच्या रांगेतील माणूस जेवून उठला म्हणजे ते ठरते.

आरोग्यावरील सार्वजनिक खर्चाचा हिशेब मात्र पुष्कळदा पोती आणि डबे मोजूनच पुरा होतो. मार्चअखेर उपयोगिता प्रमाणपत्र गेले, अनुदान अखर्चित राहिले नाही, लेखापरीक्षणात आक्षेप निघाला नाही, की काम झाले असे समजले जाते. हे सर्व आवश्यक आहे यात शंका नाही. सार्वजनिक पैशाची चोख नोंद हवीच. परंतु खर्च नियमानुसार झाला हे एक, आणि त्या खर्चाने आजार किंवा मृत्यू किती कमी झाले हे दुसरे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर रोकडवहीत मिळते. दुसऱ्याचे उत्तर गावात शोधावे लागते.

हिशेबाच्या तीन पायऱ्या

कोणत्याही आरोग्य कार्यक्रमाचा विचार तीन पायऱ्यांनी करावयाचा असतो. पैसा, माणसे, औषधे, वाहन ही झाली साधने. किती रुग्ण तपासले, किती सुया टोचल्या, किती सभा झाल्या, हे झाले काम. आणि किती माता-बालके वाचली, किती रुग्ण बरे झाले वा नियमित उपचाराखाली राहिले, हे झाले फळ. मासिक अहवालात बहुधा पहिल्या दोन पायऱ्या असतात, कारण त्या मोजण्यास सोप्या. अर्थशास्त्रात ज्याला खर्चाची परिणामकारकता म्हणतात ती पहिली आणि तिसरी पायरी जोडल्यावाचून कळत नाही. एक फळ पदरी पडण्यास किती रुपये लागले, आणि तेवढ्याच रुपयांत अन्य मार्गाने किती फळे पदरी पडली असती, एवढाच तो प्रश्न आहे.

उदाहरण घेऊन पाहू. पुढील आकडे केवळ समजुतीसाठी घेतले आहेत. एका गावात सर्वरोग निदान शिबिर भरविण्यास ४०,००० रुपये लागले आणि ४०० माणसे तपासली गेली असे मानू या. दरडोई खर्च १०० रुपये. दुसऱ्या गावात आरोग्य सेविका व आशा यांनी वर्षभर घरोघर जाऊन रक्तदाब मोजला. त्यास एकंदर २४,००० रुपये लागले आणि २०० माणसे तपासली गेली. दरडोई खर्च १२० रुपये. येथवर शिबिर स्वस्त दिसते. आता शिबिरात उच्च रक्तदाबाचे २० नवे रुग्ण आढळले आणि घरभेटींत १२ आढळले असे धरा. नवा रुग्ण शोधण्याचा खर्च दोन्हीकडे सारखाच, २,००० रुपये. आता सहा महिन्यांनी काय झाले ते पाहावे. शिबिरातील २० पैकी ५ जण नियमित गोळ्या घेत आहेत, घरभेटींतील १२ पैकी ८. नियमित उपचाराखालील एका रुग्णामागे शिबिराचा खर्च ८,००० रुपये झाला, घरभेटींचा ३,०००. पैसा तोच, गाव तेच. केवळ भागाकार कशाने केला यावरून निर्णय उलटा झाला.

म्हणून ‘अमुक इतक्या लाभार्थ्यांनी लाभ घेतला’ हे वाक्य अहवालात वाचताना ग्रामपंचायत सदस्याने एकदा तरी विचारावे, की लाभ म्हणजे नेमके काय? मांडवात येऊन जाणे हा लाभ असेल तर शिबिरासारखा स्वस्त कार्यक्रम नाही. शिबिरे निरुपयोगी आहेत असा याचा अर्थ नव्हे. मोतीबिंदूच्या शिबिरात शस्त्रक्रिया होऊन माणूस दृष्टी घेऊन परत जातो; तेथे काम आणि फळ यांत फारसे अंतर उरत नाही. ज्या आजाराला आयुष्यभर गोळी लागते तेथे हे अंतर मोठे असते, आणि ते कापण्याचे काम मंडप-ध्वनिक्षेपकाच्या खर्चातून होत नाही.

मद्रासचा धडा

महागडा उपाय तो चांगला, ही समजूत वैद्यकातही दीर्घकाळ होती. क्षयरोग्याला आरोग्यधामात ठेवावे, पूर्ण विश्रांती, सकस अन्न व शुद्ध हवा द्यावी, तरच तो बरा होतो असे मानले जाई. रुग्ण अगणित आणि खाटा थोड्या. शासनाने कितीही आरोग्यधामे बांधली असती तरी ती पुरली नसती. १९५६ साली मद्रास येथे क्षयरोग औषधोपचार केंद्र सुरू झाले. भारतीय वैद्यक संशोधन परिषद, मद्रास शासन, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यक संशोधन परिषद यांचा तो संयुक्त उपक्रम होता. तेथे गरीब वस्तीतील १९३ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट करण्यात आले. एका गटाला आरोग्यधामात ठेवले, दुसऱ्याला तीच औषधे घरी दिली. घरच्या रुग्णांचे अन्न निकृष्ट होते, जागा अपुरी होती, विश्रांती तर नावालाच. वर्षाअखेरीस दोन्ही गटांत बरे होण्याचे प्रमाण जवळपास सारखे आढळले. घरच्या माणसांना अधिक लागण होईल ही भीतीही खरी ठरली नाही.

हे निष्कर्ष १९५९ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि १९६२ पासून राबविण्यात आलेल्या राष्ट्रीय क्षयरोग नियंत्रण कार्यक्रमाने घरी राहून उपचार हीच पद्धत स्वीकारली. येथे काटकसर केली ती अन्नात वा औषधात नव्हे. ज्या खर्चाने रोग बरा होण्यात भर पडत नव्हती तो खर्च वगळला. स्वस्त उपाय आणि परिणामकारक स्वस्त उपाय यांत हाच भेद आहे. औषधांचाच पुरवठा तोडला असता तर खर्च आणखी कमी दिसला असता, आणि रुग्ण मेले असते.

गडचिरोलीतील नवजात बालके

महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर या विषयाचा सर्वांत बोधप्रद पाठ विदर्भातच, गडचिरोली जिल्ह्यात घडला. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने तेथील नवजात बालकांच्या मृत्यूंचा अभ्यास केला. बहुतेक बाळंतपणे त्या काळी घरीच होत. आजारी बाळाला इस्पितळात न्यावे हा सल्ला बरोबर असला तरी तो पाळला जात नव्हता. वाहन नाही, पैसा नाही, बाळंतिणीने बाहेर पडू नये ही रूढी, आणि इतके लहान बाळ दगावणे हे नशिबाचेच असा समज. तेव्हा बाळ इस्पितळात येत नाही तर उपचाराने बाळाकडे जावे, असा विचार पुढे आला.

१९९३ ते १९९५ या काळात प्रथम मृत्यूंची काटेकोर नोंद करण्यात आली. नंतर ३९ गावांत उपक्रम राबविला गेला आणि ४७ गावे तुलनेसाठी ठेवली गेली. गावातीलच थोडे शिक्षण झालेल्या स्त्रियांना शिकविण्यात आले. बाळाचे वजन करणे, ताप मोजणे, त्याला उबदार ठेवणे, स्तनपान नीट जमते की नाही ते पाहणे, जन्मतः श्वास अडला तर तो सुरू करणे. १९९६ पासून त्यांना आणखी एक काम देण्यात आले. जंतुदोषाची लक्षणे दिसल्यास, आणि आईबाप इस्पितळात नेण्यास तयार नसल्यास, घरीच प्रतिजैविकाचे इंजेक्शन व तोंडाने देण्याचे औषध द्यावयाचे. डॉक्टरवाचून इंजेक्शन, तेही चार दिवसांच्या बाळाला, ही कल्पना अनेकांना धाडसाची वाटली असल्यास नवल नाही.

परिणाम असा झाला. उपक्रमाच्या गावांत दर हजार जिवंत जन्मांमागे नवजात मृत्यू आरंभी ६२ होते, ते तिसऱ्या वर्षी २५.५ वर आले. तुलनेच्या गावांत ते जेथे होते तेथेच, किंबहुना किंचित वर राहिले. दोन्हींचा मेळ घालता घट ६२ टक्के भरते. हे निष्कर्ष १९९९ च्या डिसेंबरात ‘लॅन्सेट’ या वैद्यक नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

आता खर्चाकडे वळू. त्याच अहवालानुसार एका नवजात बालकामागे ५.३ डॉलर खर्च आला, आणि १९९७-९८ मध्ये दर १८ बालकांची काळजी घेतल्यावर एक गर्भस्थ किंवा नवजात मृत्यू टळला. दोन्ही आकड्यांचा गुणाकार केला म्हणजे एक मृत्यू टाळण्याचा खर्च ९५ डॉलरच्या आसपास येतो. त्या वेळच्या विनिमय दराने हे साधारण साडेतीन हजार रुपये होतात. शिक्षकांना हा गुणाकार वर्गात फळ्यावर करून दाखविता येईल. परंतु तो सोपा दिसतो त्याचे श्रेय आधीच्या दोन वर्षांच्या मृत्युनोंदीला आहे. आरंभी ६२ होते हे ठाऊक नसते तर नंतरच्या २५.५ ला अर्थ उरला नसता. आणि ४७ गावे तुलनेला नसती तर ही घट पाऊसपाणी चांगले झाल्यामुळे, रस्ता आल्यामुळे किंवा आपोआप झाली, असे कोणीही म्हणू शकला असता.

या नोंदीबाबत महाराष्ट्राचा अनुभव चिंतनीय आहे. २००१ साली ‘कोवळी पानगळ’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या अहवालात राज्यातील विविध स्वयंसेवी संस्थांनी आपापल्या क्षेत्रांतील बालमृत्यू मोजले. शासकीय नोंदींत दिसतात त्याहून ते पुष्कळ अधिक आढळले. ज्या गावात मृत्यू नोंदलेच जात नाहीत ते गाव कागदावर निरोगी ठरते, आणि निधी वाटताना मागे पडते. नोंद लपविणाऱ्याला शाबासकी आणि प्रामाणिकपणे नोंदणाऱ्याला कारणे दाखवा नोटीस, असा प्रकार जेथे होईल तेथे खर्चाचा कोणताही हिशेब निष्फळ होय.

गडचिरोलीच्या अनुभवाचा आधार घेऊन २०११ मध्ये घरच्या घरी नवजात बालकाची काळजी हा कार्यक्रम देशभर आशांकडे सोपविण्यात आला. बाळंतपण इस्पितळात झाले असेल तर सहा, घरी झाले असेल तर सात भेटी बेचाळिसाव्या दिवसापर्यंत द्यावयाच्या, आणि त्या पूर्ण झाल्यावर आशेला २५० रुपये मोबदला, अशी योजना सुरू झाली. येथे हिशेबाचा एक बारकावा लक्षात घेणे अगत्याचे आहे. गडचिरोलीतील प्रतिजैविकाचे इंजेक्शन हे अंग आशांच्या नेहमीच्या कामांत आले नाही. तेथे कार्यकर्तीच्या पाठीशी जे नित्याचे शिक्षण व देखरेख होती ती सर्वत्र तेवढीच मिळेल अशी हमीही नव्हती. एखाद्या प्रयोगाचा अर्धा भाग उचलावा, अर्धी किंमत द्यावी आणि फळ मात्र पूर्ण मागावे, हे तर्काला धरून नाही. आशेने सहा भेटींचा तक्ता भरून दिला, परंतु तिच्या वजनकाट्याचा सेल संपलेला असेल किंवा तापमापक फुटलेला असेल, तर २५० रुपये खर्च झाले आणि भेट कोरडी गेली. काही रुपयांच्या सेलमुळे एवढ्या मोठ्या यंत्रणेचे फळ हातचे जाते, हे कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही.

शेवटच्या दहा जणांचा खर्च

खर्चाची परिणामकारकता हा शब्द हाती आला की एक धोकाही येतो. स्वस्तात जे होते तेवढेच करावे अशी बुद्धी होते. पुन्हा समजुतीचे आकडे घेऊ. एका गावात १०० बालके लसीकरणास पात्र आहेत. गावठाणातील ९० बालकांना नेहमीच्या सत्रात ९,००० रुपयांत लस मिळाली. प्रत्येकी १०० रुपये. उरलेली १० शेतवस्तीवर, पारधी बेड्यावर, वीटभट्टीवर किंवा ऊसतोडीहून नुकत्याच परतलेल्या कुटुंबांत आहेत. त्यांच्यासाठी वेगळे वाहन व आणखी एक दिवस धरून ४,००० रुपये लागतात, प्रत्येकी ४००. सर्वांची सरासरी काढली तर १३० रुपये येते आणि कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. पण शेवटच्या दहांचा वाढीव खर्च वेगळा काढला की कोणीतरी म्हणतोच, नव्वद टक्के झाले, पुरे.

ते पुरे होत नाही. गोवरासारखा वेगाने पसरणारा रोग थोपविण्यास सुमारे ९५ टक्के बालके संरक्षित असावी लागतात. राहिलेली दहा बालके गावभर विखुरलेली नसून एकाच वस्तीत एकत्र असतात, म्हणून साथ तेथेच पेट घेते. शिवाय हीच बालके कुपोषित असण्याचा आणि दवाखान्यापासून दूर असण्याचा संभव अधिक. एका लसीने त्यांच्यात जेवढे प्राण वाचतील तेवढे गावठाणातील नव्वदांत वाचणार नाहीत. चौपट खर्चात चौपटीहून अधिक फळ मिळत असेल तर तो खर्च महाग कसा? आणि समजा, तेवढे फळ मिळाले नाही, तरी शासनाचा दवाखाना ज्यांच्यासाठी आहे त्यांना केवळ ते लांब राहतात म्हणून वगळावे काय, हा प्रश्न भागाकाराने सुटणारा नाही. सपाट प्रदेशात ५,००० लोकसंख्येस एक उपकेंद्र, पण डोंगराळ व आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येस एक, हा निकष आखताना माणशी खर्च वाढणार हे ठाऊकच होते. तो जाणूनबुजून स्वीकारला गेला.

खर्चाची आणखी एक बाजू सरकारी हिशेबात येतच नाही, ती म्हणजे रुग्णाच्या खिशातील. सोयाबीन काढणीच्या किंवा कापूस वेचणीच्या दिवसांत सकाळी दवाखान्यात यायचे तर मजुरी बुडते. बसभाडे निराळे. केसपेपर स्वस्त असूनही ती भेट मजूर बाईला एका दिवसाच्या कमाईला पडते. अशा हंगामात बाह्यरुग्ण विभागाची एक वेळ सायंकाळी ठेवली तर शासनाला फारसा वाढीव खर्च येत नाही, आणि गोळ्या मध्येच सोडणाऱ्यांची संख्या घटते. वाटप म्हटले की पैशाचेच डोळ्यांपुढे येते; वेळ आणि माणसे हीही वाटायचीच असतात.

एका खात्याचा खर्च, दुसऱ्याची बचत

नारू हा रोग आज नव्या पिढीला ठाऊक नाही. पायऱ्यांच्या विहिरीत माणसे उतरत, रोग्याच्या पायातील कृमी पाण्यात सुटे, आणि ते पाणी पिणाऱ्यांना वर्षभराने रोग होई. यावर लसही नव्हती आणि गुणकारी औषधही. १९८३-८४ पासून राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, तिच्यात महाराष्ट्रही होता. पायविहिरी बुजवून वा बांधून घेऊन त्या रहाटाच्या करणे, हातपंप बसविणे, पाणी फडक्याने गाळून पिण्यास शिकविणे, पाण्यात कृमिवाहक जीव मारणारे रसायन टाकणे, हेच उपाय. देशातील शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात आढळला आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. आरोग्य खात्याने जिंकलेल्या या लढाईचा बराच खर्च पाणीपुरवठ्याच्या खात्यावर पडलेला आहे.

बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तरेस पूर्णेच्या खोऱ्यात खारपाण पट्टा आहे. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या भागांतील भूजल खारट आहे आणि तेथे मूत्रपिंडाच्या विकारांची तक्रार वर्षानुवर्षे ऐकू येते. मूत्रपिंडविकाराची कारणे अनेक असतात. सर्व दोष पाण्यावर टाकणे शास्त्राला धरून होणार नाही. परंतु डायलिसिस हा आठवड्यातून दोन-तीन वेळा, आयुष्यभर चालणारा उपचार आहे, आणि जो रुग्ण आज आहे त्याला तो नाकारता येत नाही. त्याच वेळी गोड्या पाण्याची नळयोजना वर्षभर बंद न पडता चालावी यासाठी लागणारा देखभालीचा पैसा वेगळ्या शीर्षाखाली, वेगळ्या कार्यालयात मागावा लागतो. एका टेबलावर दोन्ही आकडे क्वचितच शेजारी येतात.

मोठ्या शस्त्रक्रियांच्या विमा योजनेबाबतही असाच विवेक हवा. राज्यात राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली, नोव्हेंबर २०१३ पासून ती राज्यभर लागू झाली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा जोतीराव फुले यांचे नाव देण्यात आले. एका हृदयशस्त्रक्रियेच्या पैशात किती नवजात बालके वाचतील असा हिशेब मांडून तिला नावे ठेवणारे आढळतात. त्यांचा गुणाकार चुकीचा नसेल, पण तो अपुरा आहे. शस्त्रक्रियेसाठी शेत गहाण पडणे टळले, मुलीचे शिक्षण थांबले नाही, हेही फळच आहे. ते मृत्युदरात मोजले जात नाही इतकेच. मात्र अशा योजनेचा पैसा उपकेंद्राच्या औषधांतून कापून येत असेल तर तो सौदा वाईट म्हटला पाहिजे.

गावाच्या हाती काय

हे मोठे निर्णय मुंबई-दिल्लीत होतात असे म्हणून ग्रामपंचायतीने स्वस्थ बसण्याचे कारण नाही. २००५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात गावच्या आरोग्य समितीला वर्षाला १०,००० रुपये आणि उपकेंद्राला तेवढाच अबंधित निधी ठरविण्यात आला. प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी रुग्ण कल्याण समिती नेमण्यात आली. रक्कम लहान आहे. ती फलक रंगविण्यात, चहापानात आणि खुर्च्यांत संपविता येते. त्याच रकमेत वजनकाट्याची दुरुस्ती, विहिरीचे शुद्धीकरण आणि अवघडलेल्या बाईला रात्री तालुक्याला नेणाऱ्या जीपचे भाडेही बसते. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ या काळासाठी ग्रामपंचायतींच्या अनुदानातील ६० टक्के भाग पाणी व स्वच्छतेस बांधून दिला, तोही वस्तुतः आरोग्यावरचाच खर्च होय.

समितीची सभा मार्चमध्ये घेतली तर ती खर्च उरकण्याची सभा होते. ती पावसाळ्यापूर्वी घ्यावी. त्या वेळी आशेची नोंदवही आणि रोकडवही शेजारी ठेवून मागील वर्षातील प्रत्येक खर्चासमोर त्याने गावात काय बदलले ते लिहावे. काही खर्चांसमोर लिहिण्यासारखे सापडणार नाही. तो रकाना कोरा ठेवावा, ओढून-ताणून भरू नये. गावातील शिक्षक याकामी फार उपयोगी पडतो, कारण शाळेच्या पटामुळे कोणते कुटुंब कोणत्या महिन्यात बाहेरगावी जाते हे त्याला सर्वांत आधी कळते. तक्त्याचा शेवटचा रकाना ‘कोण राहिले’ असा असावा. त्यात संख्या न लिहिता घरांची व वस्त्यांची नावे लिहावीत, आणि पुढील महिन्याच्या भेटींची यादी त्या नावांपासून सुरू करावी.